टमाटेवाल्या बाईंनी चाखलेला सॉस

पाटोद्याच्या आठवडी बाजारात मी इटालियन सॉससाठी टोमॅटो निवडत होतो. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कशाला पाहिजेत?" मी सांगितलं. त्यांनी माझे कडक टोमॅटो बाजूला सारून पिकून मऊ झालेले भरले.

"मसाला कोन्ता?"

"कोणताच नाही. तेल, लसूण, मीठ आणि तासभर मंद आच."

"मिरची बी न्हाई?" त्यांना माझी कीव आली असावी.

सॉस असा जमला की पुढच्या बाजारी मी डबी घेऊन त्यांच्याकडे धावलोच. त्यांनी पदराला हात पुसून बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं. गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"लई वर्सं टमाटे इकते," त्या सावकाश म्हणाल्या, "पन त्येची चव आज कळाली."

डबी त्यांनी परत दिली नाही.