अरीबा मुकादमने स्वतः भरलेला फॉर्म

अरीबा मुकादमला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी उगाच हळहळायला नको. बाराव्या वर्षापासून तिची नजर कमी होत गेली आणि सतराव्या वर्षी पार गेली. वडील जमालभाई कुवेतला इलेक्ट्रिशियन. त्यांनी तिथून लॅपटॉप पाठवला. मुंबईच्या एका संस्थेत तीन महिने जाऊन ती पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकली आणि पनवेलमध्येच बी.ए.ला बसली. राहते आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. तो यंत्राचा आवाज ती इतक्या वेगात ऐकते, की शेजारच्याला वाटावं काहीतरी बिघडलंय.

२०११ साली तिसऱ्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म तिने बाजारातल्या सायबर कॅफेत भरून घेतला. सगळेच घेतात. भरणाऱ्याने 'लेखनिक हवा' हा चौकोन रिकामा सोडला आणि 'केलंय, केलंय' म्हणून सांगितलं. हिला कळलं ते थेट परीक्षेच्या हॉलमध्ये, उत्तरं लिहून घ्यायला कोणीच आलं नाही तेव्हा. तीन तास कोऱ्या पेपरासमोर बसून ती घरी आली आणि म्हणाली, "यापुढे माझा फॉर्म मीच भरणार."

जमालभाईंनी फोनवरून बजावलं, "बेटा, अजून एक साल. मग बस."

म्हणून २०१२ चा फॉर्म. कॉलेजच्या वेबसाइटवर भरायचा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. पानावर शेवटी दोन बटणं होती, दोन्ही नुसती चित्रं. डोळस माणसाला दिसतं, एक पुसायचं, एक पाठवायचं. अरीबाला दोन्हींवर एकच ऐकू यायचं, "ग्राफिक". म्हणून आदल्या दिवशी मीच शेजारी बसून मोजून दिलं. पानाच्या वरच्या टोकापासून टॅबची कळ सत्तेचाळीस वेळा दाबली की पाठवायचं बटण. अपंगत्वाच्या दाखल्याचा नंबर तेवढा मिळायचा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी सकाळी मिळाला.

साडेबाराला नूरुन्निसा, तिची आई, धापा टाकत वर आली. "बाई, फॉर्म गेला म्हणते पोरगी!"

"गेला ना? मग रडता कशाला?"

"गेला नाही बाई. पुसला गेला."

खाली जाऊन पाहिलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस! सकाळी कोणीतरी पानाच्या वर त्यांचा हसरा फोटो चिकटवला होता, शुभेच्छांची लिंक जोडून. एक लिंक वाढली, मोजणी एकाने सरकली, आणि सत्तेचाळिसावं बटण निघालं पुसायचं. अख्खा फॉर्म कोरा.

"सरक, दहा मिनिटांत भरून देते," मी म्हटलं.

"तुम्ही बरोबरच भराल, बाई. पण मला कसं कळणार?"

"मग अठ्ठेचाळीस मोज."

"आणि मी भरत असताना त्यांनी अजून एक फोटो लावला तर?"

मी चपला घातल्या. कॉलेजच्या ऑफिसात गेलो. जेवणाची सुट्टी. अडीचला दयाराम क्लार्क उगवले.

"फोटो आज कसा काढणार, मॅडम? माझी नोकरी जाईल."

"तुमचे अध्यक्ष उद्या जन्मले असते तर काय बिघडलं असतं?"

दयाराम कसंनुसं हसले. "मुलीचा फॉर्म मी भरतो ना. एवढं काय त्यात?"

"नको," अरीबा म्हणाली. वेबसाइट बघणारा प्रितेश सुट्टीवर, सुकापूरला घरी. पत्ता घेतला आणि रिक्षा केली. वाटेत तिने चार वेळा वेळ विचारली. चौथ्यांदा मी खेकसले, मग माझंच मला वाईट वाटलं.

साडेतीनला पोचलो. प्रितेश जेवून आडवा झालेला. त्याची आई ठमाबाई म्हणाली, "आदी च्या घ्या, पाचला येल हाय अजून." अरीबाने लॅपटॉप उघडला, आवाजाचा वेग कमी केला आणि त्याला ऐकवलं. ग्राफिक. ग्राफिक.

"हे असं ऐकू येतं?"

"तुम्हीच बनवलंय, सर."

त्याचे कान लाल झाले. बटणांना नावं द्यायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. पाच मिनिटं! वर्षभर कोणाला सुचलं नव्हतं. फोटो हसत होता तिथेच राहिला. अरीबा पहिल्यापासून भरायला बसली. नाव, पत्ता, विषय, दाखल्याचा नंबर, एकेक रकाना दोनदा ऐकून. पावणेपाचला ती थांबली. आवाज म्हणाला, "चेकबॉक्स, नॉट चेक्ड."

"हा कसला चौकोन?"

"लेखनिकाचा," प्रितेश म्हणाला. "कर टिक."

"यंत्राला सांगू द्या, सर."

"अगं, पंधरा मिनिटं राहिलीत!" मी ओरडलेच. "काल माझ्या सांगण्यावरून केलीस ना खूण?"

"केली. त्या सायबरवाल्याच्या सांगण्यावरूनही गप्प बसले होते."

प्रितेश पुन्हा आपल्या कॉम्प्युटरला भिडला. घाईत चुकीच्याच चौकोनाला नाव दिलं, परत काढलं. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. अरीबाने पान नव्याने उघडलं. तोवर भरलेलं टिकेल की नाही कोणालाच खात्री नव्हती. टिकलं. आवाज म्हणाला, लेखनिक हवा, नॉट चेक्ड. तिने स्पेसबार दाबला. चेक्ड. तिने पुन्हा ऐकलं, आणि मग तिसऱ्यांदा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ केली.

सबमिट. यंत्र पावतीचा नंबर एकेक आकडा करून वाचू लागलं. नऊ आकडे. अरीबाने ते मोबाइलमध्ये बोलून ठेवले आणि तेवढ्यात आईला फोनही लावला. पलीकडे नूरुन्निसा मोठ्याने रडत होती, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

ठमाबाईने गार झालेला चहा परत गरम करायला नेला. मी उठले. अरीबा उठेना.

"सर, हॉल तिकीट कसं येणार?"

"साइटवरच. डाउनलोड करायचं."

"वाचता येईल?"

प्रितेशने बंद करायला घेतलेला कॉम्प्युटर तसाच ठेवला. "स्कॅन करून टाकतो आम्ही ते. म्हणजे... फोटोच तो एक."

"त्यावर लेखनिकाचं लिहिलेलं असतं ना?"

"असतं."

"परीक्षेला किती दिवस आहेत?"

"अठ्ठावीस."

"मग बसा, सर," अरीबा म्हणाली, आणि लॅपटॉप पुन्हा त्याच्याकडे सरकवला.