गुलाबी चौकड्यांचं मुंडासं

साल दोन हजार दोन. तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा होतो. आमची म्हातारी पासष्ट म्हणते, पण वय माझं आहे, तेव्हा चौसष्टच धरायचं.

तोवर माझ्या डोक्यावर लाल मुंडाशाशिवाय दुसरं काही कुणी बघितलं नव्हतं. आम्ही मूळची मेंढरं राखणारी माणसं. वडिलांनी कळप विकून कासुर्डीच्या बाजूला जमीन घेतली आणि आम्ही शेतकरी झालो, तरी डोक्यावरचं लाल सोडलं नाही. बाजारात माणसं लांबून मुंडासं बघायची आणि विडी विझवायची, एवढा माझा वचक. असा मी माणूस त्या उन्हाळ्यात शाळेतल्या पोरींच्या झग्याचं कापड डोक्याला बांधून दोन महिने हिंडलो. ते कशापायी, ते सांगतो.

माझी नात तेव्हा सात वर्षांची. मुलगा नदीपलीकडं कारेगावला खोली करून राहायचा, कंपनीत कामाला होता. सून आणि नात आमच्याजवळ वस्तीवर. नात फारसं बोलायची नाही. बोलली तर दुसऱ्याचं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं तीनदा म्हणायची. विहिरीवरच्या मोटरीचा आवाज मात्र असा काढायची की मी दोनदा मोटर बंद करायला पळत गेलो होतो. तिचं सगळं वैर कपड्यांशी. गळ्यामागची चिठ्ठी, काखेतली शिवण, कमरेचं इलास्टिक. नवा कपडा अंगावर चढला की ओढून, फाडून काढायची आणि उघडी पळायची. वस्तीवरची माणसं हसायची. सून तिला मारायची आणि मग तिलाच पोटाशी धरून रडायची.

पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, याला ऑटिझम म्हणतात. सुनेनं मला समजेल असं सांगितलं. "मामा, आपल्याला जे कापड अंगाला नुसतं लागतं, ते तिला टोचतं. डोळ्यात कुसळ गेल्यावानी."

मी म्हणालो, "कापडाला काय काटं असत्यात व्हय? दोन रट्टं दिलं की घालंल गुमान."

हे मीच म्हणालो होतो. लपवून काय करायचं.

त्या वर्षी पाडव्याला मुलानं तिला नवा फ्रॉक आणला. जरीच्या फुलांचा, चांगला महागाचा. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हातारीनं तो चढवला. पोर ओरडली नाही. तिनं माझ्या मनगटाला दात लावले आणि सोडलेच नाहीत. शेवटी सुनेनं फ्रॉक काढला तेव्हा कुठं मनगट सुटलं. रक्त पुसता पुसता माझी नजर तिच्या अंगावर गेली. जिथं जिथं शिवण लागली होती तिथं तिथं लाल वळ उठले होते, सुतळीनं आवळल्यासारखे. फ्रॉक अंगात राहिला होता किती वेळ? मला पान लावायला लागतो तेवढासुद्धा नाही.

पोर पळाली ती अंगणात. दोरीवर माझं जुनं मुंडासं वाळत होतं. ते तिनं खाली ओढलं, अंगाभोवती गुंडाळलं, तोंडावर घेतलं आणि गोठ्याच्या सावलीत निजून गेली.

मी तिच्याजवळ बसून राहिलो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. मेंढरांमागं जायला लागलं म्हणून शाळा सुटली, असं मी जन्मभर सांगत आलो. खरं वेगळं होतं. शाळेसाठी मामानं मला कॉलरचा सदरा शिवला होता. ती कॉलर मानेला लागली की पाटीवरचं अक्षर मला दिसायचं बंद व्हायचं. सगळं ध्यान मानेत. एक दिवस सदरा ओढ्यात सोडून दिला आणि मारही खाल्ला, पण परत शाळेत गेलो नाही. त्यानंतर कॉलरचं काही अंगात घातलं नाही, माझ्या लग्नातसुद्धा बंडीच. लोकांना वाटतं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे. वाटू दे. पण पोरीच्या मानेवरचा वळ बघितला आणि हे कुणाला न सांगितलेलं मला एकदम आठवलं.

पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांत शाळेतून बोलावणं आलं. मी आणि सून गेलो. हेडगुरुजी माणूस वाईट नव्हता, पण घायकुतीला आला होता. म्हणाला, "आबा, बालवाडीपासून बघतोय. पोरगी येते आणि कपडे काढते. बाकीच्या पोरांचे आईबाप माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. जूनमध्ये पहिल्या दिवशी गणवेश घालून शाळा सुटेपर्यंत बसली, तर पहिलीत नाव ठेवतो. नाहीतर तुम्ही दुसरी सोय बघा."

दुसरी सोय मुलानं आधीच बघून ठेवली होती. पुण्याकडं अशा मुलांचं वसतिगृह होतं. पोर तिकडंच राहणार, वर्षातून दोनदा घरी येणार. सुनेनं पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून घासून ठेवली होती. ती पेटी दाराशी होती. घरात येता-जाता तिला पाय लागायचा.

गणवेश म्हणजे गुलाबी चौकड्यांचा झगा. शाळेनं दिलेलं कापड टेरिकॉटचं. चालताना ते सळसळ वाजायचं आणि पोर कानांवर हात घ्यायची.

आमच्याकडं तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. आजीचं जुनेर नाहीतर आज्याचं जुनं धोतर फाडून त्याची झबली करतात. ही पोरही पहिलं वर्ष जुनेरातच होती आणि तेव्हा कधी कपड्यावरून रडली नव्हती. भाकरी खाता खाता हे माझ्या डोक्यात आलं. म्हणालो, "कापड जुनं झालं की चावत न्हाई. आपण शाळंचा झगा जुना करून मग शिवायचा."

म्हातारी म्हणाली, "जुना व्हाया कुणीतरी अंगाला लावाया पायजे. कोण लावणार पोरीचा झगा? तुम्ही?"

"अंगाला न्हाई," मी म्हणालो. "डोक्याला."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. ती दोन दिवस हसत होती.

टेरिकॉट जन्मभर बांधलं तरी मऊ होत नाही, एवढं मला कळत होतं. सुतीच पाहिजे, आणि चौकडी तीच. शाळेच्या कापडाचा तुकडा खिशात घालून मी शिरूरचा बाजार पालथा घातला. सगळीकडं टेरिकॉट. मग दौंडला गेलो. तिथं एका जुन्या दुकानात माळ्यावरच्या गठ्ठ्यातून हुबेहूब गुलाबी चौकड्या निघाल्या. सुती, लहान पन्ह्याचं, दोन्हीकडं चांगला काठ.

दुकानदारानं विचारलं, "किती देऊ, आबा?"

"पाच वार. डोक्याला बांधायचंय."

त्यानं माझ्या लाल मुंडाशाकडं बघितलं. "आबा, ह्ये उशीच्या खोळीचं कापड हाय."

"मग ते डोक्यालाच लागतं की," मी म्हणालो.

घरी येऊन रात्रभर कापड पाण्यात भिजत ठेवलं, खळ काढली, दगडावर आपटलं, आणि सकाळी लाल मुंडासं खुंटीला अडकवून हे बांधलं. तसाच दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेलो. रांगेतली माणसं वळून वळून बघायला लागली. मग एक जण हळूच म्हणाला, "आबा, कितवीत नाव घातलंय?"

"दुसरी राह्यली होती. ती पुरी करतो," मी म्हणालो.

मग रोजच चाललं. हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर पोरं मला शाळेची प्रार्थना म्हणून दाखवायची. कुणी विचारायचं, दप्तर कुठं ठेवलं. भावकीतला एक म्हातारा मात्र खरंच रागावला. "वाडवडलांचं लाल सोडून पोरीबाळीचं कापड डोक्याला? लाज हाय का?"

मी म्हणालो, "वाडवडलांच्या घरात पोरी नव्हत्या व्हय?" पुढं तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही. माझं काही अडलं नाही.

वैशाखात कोरेगाव भीमाला पाहुण्यांच्यात लग्न होतं. मानाचे फेटे बांधायची वेळ आली. फेटा बांधणारा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "आबा, आधी ते उतरवा."

"ते उतरत न्हाई. तुझा वरून बांध."

मांडवात हशा झाला. बांधला त्यानं वरून. चार तास दोन मुंडाशांखाली माझं डोकं उकडून निघालं. पण घामानं कापड मुरतं, हे मला ठाऊक होतं. तेवढा फायदाच.

रोज संध्याकाळी मुंडासं सोडायचं, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, पिळायचं, सावलीला वाळवायचं. वाळलं की त्याचा काठ नातीपुढं धरायचा. ती तो ओठाला लावून बघायची. पहिले पंधरा दिवस तिनं तो फेकूनच दिला. मग फेकायची बंद झाली, पण हातात ठेवायची नाही. मे महिना सरत आला. सुनेनं पेटीत पोरीची वाटी आणि कंगवा ठेवलेला मी बघितला. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारीसुद्धा मुंडासं धुवायला लागलो. ओलंच बांधायचो. शेतात ते डोक्यावर वाळायचं.

शाळा उघडायला आठवडा राहिला असेल. संध्याकाळी मी काठ पुढं धरला. तिनं ओठाला लावला, मग गालाला. मग माझ्या हातातून सगळं मुंडासं ओढून घेतलं आणि ते घेऊन गोठ्याच्या सावलीत गेली. म्हातारी चुलीपासून उठून दारात आली. त्या दिवशी ती हसली नाही.

सून कापड शिंप्याकडं घेऊन निघाली. मी अडवली. मशिनची शिवण आतून वरंब्यासारखी उभी राहते, आणि तोच वरंबा पोरीला टोचत होता. आमची घोंगडी दोन पट्ट्यांची असते. त्या पट्ट्या आम्ही काठाला काठ भिडवून हातानं सांधतो. सांधा आतून-बाहेरून सपाट, बोट फिरवलं तरी कळत नाही. हे काम मी लहानपणापासून केलेलं. दाभण बाजूला ठेवला आणि सुनेची बारीक सुई घेतली. दोरा मला ओवता येईना, तो तिनं ओवला. निम्मं कापड घेतलं. पाठ-पोट एकाच तुकड्याचं, मधोमध डोकं जाईल एवढं ऐसपैस भोक, म्हणजे खांद्यावर शिवणच नाही. दोन्ही बाजूंना हातापुरती जागा सोडून खाली काठाला काठ. गळ्याची कडा बाहेरच्या अंगाला दुमडून सुनेनं टाके घातले. बटण नाही, नाडी नाही. झगा पोत्यासारखा दिसत होता हे खरं आहे. पण पोरीनं तो स्वतः डोक्यातून घातला. तिला आजवर कुणी स्वतः कपडा घालताना बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी लाल मुंडासं बांधून तिला शाळेत घेऊन गेलो. हेडगुरुजी फाटकाशीच होता. त्यानं झगा वरपासून खालपर्यंत बघितला.

"आबा, हा गणवेश आहे?"

"चौकड्या हायत्या का न्हाई?"

"आहेत."

"गुलाबी हायत्या का?"

"होत्या," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

"मग झालं. सांजच्यापर्यंत बसली तर नाव ठेवणार, ह्ये तुमचंच बोलणं. मी हितंच हाय."

शाळेसमोरच्या लिंबाखाली मी बसलो. वर्गाची खिडकी तिथून दिसायची. भाकरी आणली होती, पण सोडली नाही. दुपारपर्यंत ती खिडकीपाशी झुलत बसली होती, तिची ती सवयच. मग जेवणाच्या सुट्टीची घंटा जोरात वाजली. ती ताडकन उठली आणि दोन्ही हातांनी झगा धरून वर ओढला. मी उभा राहिलो. फाटकापर्यंत गेलोसुद्धा. तिनं झग्याचा गळा नाकापर्यंत वर घेतला होता. त्यात तोंड खुपसून ती वास घेत होती. दोन महिने माझ्या डोक्यावर होतं ते कापड. जरा वेळानं तिनं गळा सोडला, खाली बसली आणि पाटीवर रेघा मारायला लागली.

मी परत लिंबाखाली आलो आणि भाकरी खाल्ली.

शाळा सुटली तेव्हा ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. झगा अंगातच. वरून वर्गातल्या बाईंचं वाक्य, "हाताची घडी, तोंडावर बोट," तीनदा म्हणाली. हेडगुरुजीनं मला आत बोलावलं. पटावर तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. त्यानं माझ्यासमोर ते पेनानं गिरवलं. मला वाचता येतं तेवढं. मी अक्षर न् अक्षर लावून बघितलं, तोवर तो थांबला.

मग म्हणाला, "आबा, हा झगा धुवायला टाकला की घालणार काय?"

मी म्हणालो, "निम्मं कापड अजून हाय."

घरी आलो तर सुनेनं ऐकताच पेटीतली वाटी आणि कंगवा बाहेर काढला. अंधार पडायच्या आत तिनं पेटीत बाजरी भरली आणि ती चुलीमागं सरकवली. म्हातारी मला म्हणाली, "बसा आता लाल बांधून पाटलावानी."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. लाल खुंटीलाच ठेवलं. दुसरा झगा शिवेपर्यंत त्यातला वास उडायला नको, म्हणून उरलेलं निम्मं गुलाबी कापड डोक्याला बांधलं. दोनच वेढे बसले आणि मागं टक्कल उघडं राहिलं. तसाच दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेलो आणि रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो.