उंबऱ्यावरची पणती

नागापूरच्या एमआयडीसीत धनश्री खेडकरला पाठीमागे 'वकीलबाई' म्हणतात. का, तर उलटतपासणी घेतल्याशिवाय ती कशालाच हो म्हणत नाही. म्हणू देत बापडे! थिनर बनवणाऱ्या त्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तिच्या गळ्यात, आणि काही बिघडलं की बोलणी खाणारीही तीच.

पण ह्याच वकीलबाईने एकदा नीट न बघता हो म्हटलं होतं. शेडमध्ये थिनरची वाफ वाढली की भोंगा वाजवणारा प्रोग्राम तिनेच निवडलेला. ओपन सोर्स होता. म्हणजे जगाच्या पाठीवर कुणीतरी हौसेने लिहायचा, हवा त्याने फुकट घ्यायचा, चूक सापडली तर सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. त्याच्या वेबपेजवर रोज दुरुस्तीची नवी नोंद पडत होती. कामाची माणसं दिसतायत, असं म्हणून तिने तो बसवून टाकला.

त्या दिवशी दुसरी पाळी लागायच्या जरा आधी पीटर सर तिच्या टेबलाशी आले. श्रीरामपूरचा हा मॅनेजर माणूस चांगला, पण कायम घाईत.

"धनश्री, आज दुसऱ्या पाळीपासून शेडमध्ये दुप्पट माल काढायचाय. भोंग्याचा प्रोग्राम ठीक आहे, एवढी एक मेल टाक मला."

दुसऱ्या पाळीला शेडमध्ये तिचा धाकटा भाऊ कल्याण असतो. उसाच्या फडातून तिनेच त्याला ओढून आणलेला. "कोयता टाक आता, इथं सावलीत काम हाय," असं तिनेच आईबापासमोर छातीठोकपणे सांगितलं होतं.

मेल लिहायच्या आधी तिने वेबपेज उघडलं. शेवटची नोंद आज सकाळचीच. छान! मग सवयीने बघितलं, नोंद केली कुणी? रोबोटने. आपोआप चालणारा एक प्रोग्राम, रोज येऊन कुठला तरी आकडा बदलून जाणारा. कालचीही त्याचीच. त्याआधीचीही त्याचीच. ती खाली खाली जात राहिली. हाडामांसाच्या माणसाचं नाव सापडलं ते थेट मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात. म्हणजे वर्षभर ह्या प्रोग्रामकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

आणि तिला आठवल्या त्या पणत्या. पाथर्डीकडच्या त्यांच्या वाडीतली माणसं दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. बंद घराला काळोख दाखवू नये, म्हणून जाताना मागे राहणाऱ्या राहीबाईकडे तेल देऊन जायची. राहीबाई रोज दिवेलागणीला प्रत्येक कुलपापुढच्या उंबऱ्यावर पणती ठेवायची. एका वर्षी आईबापाने ह्या दोघा लेकरांना तिच्यापाशी ठेवलं होतं. राहीबाई पाण्याला गेलेली आणि कल्याण तापाने फणफणलेला. वरच्या आळीत दिवे दिसले म्हणून लहानगी धनश्री त्याला कडेवर घेऊन धावली. पणत्या राहीबाईच्या, हे भान कुठलं, टोळी परतली असेल असंच वाटलं तिला. दारोदार ओरडली, "कोण हाय का?" दिवे सगळीकडे होते, आणि माणूस एकाही घरात नव्हतं. शेवटी राहीबाईच धापा टाकत आली, म्हणून निभावलं. एवढं भोगलेली बाई, आणि पुन्हा दिवा बघूनच भुलली! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं तिला.

तिच्याआधी वेबपेजवर हाका मारून गेलेल्या लोकांच्या तक्रारी तिने उघडल्या. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं: 'सेन्सरची वायर निघाली तरी पडद्यावर जुनाच आकडा दिसत राहतो. भोंगा वाजत नाही. कुणी आहे का इथे?' खाली रोबोटचं उत्तर: 'बरेच दिवस हालचाल नाही, सबब तक्रार बंद करत आहे.'

"अरे तुझ्या हालचालीला आग लागो!" ती मोठ्याने म्हणाली. मग तिची नजर पडद्यावरच्या शेडमधल्या वाफेच्या आकड्याकडे गेली. बारा. सकाळच्या चहाच्या वेळीही बाराच होता. वाफेचा आकडा असा गप्प बसत नसतो, सारखा खालीवर होतो.

ती उठलीच. दारात पीटर सर आडवे आले.

"अगं, मेल कुठाय? पाळी सुरू झालीये."

"सर, थांबवा! आकडा मेलाय. तो प्रोग्राम बघायला कुणी उरलेलं नाही."

"काहीतरीच काय! सकाळीच तर अपडेट झालंय, मी स्वतः पाहिलं."

"ते रोबोटने केलंय, सर!" असं ओरडत ती शेडकडे पळाली. सर काय म्हणाले ते तिने ऐकलंच नाही.

शेडच्या दारातच डोळे चुरचुरले. आतल्या खांबावर वाफ मोजणाऱ्या सेन्सरची पेटी होती, आणि उंदराने कुरतडलेली तिची वायर खाली लोंबत होती. धनश्रीने दाराबाहेरच्या लाल बटणावर मूठ हाणली. हाताने वाजवायचा भोंगा एकदाचा बोंबलला. माणसं तोंडाला फडकी लावून भराभरा बाहेर आली. एकेक चेहरा ती बघत होती. कल्याण त्यात नव्हता.

"कल्याण! कोण हाय का आत?"

काही नाही. ओढणी नाकाला बांधून ती आत घुसणार, तेवढ्यात मागून धावत आलेल्या पीटर सरांनी तिचा दंड धरला. "वेडी आहेस का? मास्क आणायला पाठवलंय, थांब!"

"सोडा मला, सर! कल्याण! अरे, कोण हाय का?"

पुन्हा तेच. दिवे लागलेली शेड, आणि आतून आवाज नाही.

तेवढ्यात पिंपांच्या मागून खोकला आला. मग चिरका आवाज, "हाय... हाय मी, ताई." कल्याण बाहेर आला तो गोरक्ष नावाच्या सोबत्याला बगलेत धरून, फरफटत. लोकांनी गोरक्षला उचलून वाऱ्याला नेलं. तो कण्हत होता, म्हणजे जिवंत होता.

"ह्यो पडलाता चक्कर येऊन," कल्याण खोकत म्हणाला. "सोडून कसा येऊ?"

धनश्रीने त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि त्यालाच मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली.

"पहिल्या हाकेला ओ द्यायला काय झालं हुतं रे, मेल्या?"