एक बादली पुरे

"एक बादली पुरे," असं म्हणताना ताई हाताने बादलीची उंची दाखवायच्या, गुडघ्याच्या जरा खाली. तुमच्याही ओळखीत असेल बघा असं एखादं माणूस, ज्याचं सगळं थोडक्यात भागतं.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्या सिस्टर, मी जेवणाच्या ट्रॉलीवर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रिटायर झाल्या आणि डोक्यात घेतलं, मध्य अमेरिकेत होंडुरासला जायचं. डोंगरातल्या दवाखान्यात, व्हॉलंटिअर म्हणून. स्पॅनिश कॅसेटवरून शिकल्या.

मुलगा म्हणाला, "आई, या वयात?"

"मग कुठल्या? तुझ्या?"

पण पाठवणारी कमिटी तयार होईना. आधी गेलेली दोन धडधाकट पोरं सहा आठवड्यांत परतली होती. इंटरव्ह्यूला सोबत म्हणून मी गेले. चर्चच्या हॉलमध्ये सेक्रेटरी वाचत होता: नळ नाही, वीज नाही, मातीची जमीन, शौचाला बाहेर, रोज मक्याची भाकरी आणि राजमा.

"पुढे?" ताई म्हणाल्या.

"एवढंच. पण साठीच्या बाईला हे..."

"अहो, हे तर माझं माहेर. राजमा तेवढा नवा."

तो नुसताच हसला. नकारच होता तो. मग ताईंनी पिशवीतून तांब्या काढला आणि एक बादली पाणी मागितलं. नोव्हेंबर होता, पाणी बर्फासारखं. हॉलच्या टॉयलेटमध्ये गेल्या आणि पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या त्या न्हाऊन, दुसरी साडी नेसून. हातात धुतलेला ब्लाउज, बादलीत अजून वीतभर पाणी. त्यात फडकं बुडवून खाली बसल्या नि चिखलाच्या बुटांनी माखलेली फरशी पुसायला लागल्या.

"साहेब, पाय वर."

सेक्रेटरीने मुकाट पाय उचलले. कमिटीतली एक बाई हसता हसता म्हणाली, "आता हिला नाही कोण म्हणणार?" कुणीच म्हणालं नाही.

पहिल्या पत्रात ताईंनी लिहिलं होतं, 'बायकांनी गंमत म्हणून मक्याचं पीठ हातात दिलं. मी भाकरी थापली. फुगली. दुसऱ्या दिवसापासून माझी पाहुणी म्हणून बडदास्त बंद, चुलीजवळ जागा पक्की.' नवीन पोरांना तिथे आधी ताईंच्या झोपडीत आंघोळ शिकायला धाडत म्हणे.

दोन वर्षांसाठी गेलेल्या ताई तिथेच राहिल्या, नव्वदीत तिथेच गेल्या. त्यांचा शेवटचा फोटो माझ्या फ्रिजवर आहे. ताई जमीन सारवताहेत, कॅमेऱ्याकडे पाठ. मागे बाजेवर, गाव बघायला आलेला तोच सेक्रेटरी बसलाय.

पाय वर घेऊन.