पॅराशूटवाले बंडूजी

पुलगावहून नाचणगावकडे निघालं की रस्त्याला लागूनच बंडूजींचं पाइप आणि मोटारपंपाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे त्यांचं घर आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आम्ही. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत असे. नवरा वर्ध्याला ऑफिसात, सकाळच्या गाडीने जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. त्यामुळे माझ्या कानावर नवऱ्यापेक्षा बंडूजींचाच आवाज जास्त पडला. आवाज मोठा, पोट मोठं आणि मनही मोठं, यात खोटं काही नाही. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत आणि चहा संपेपर्यंत स्वतःच्या पराक्रमाचा एखादा किस्सा ऐकवल्याशिवायही सोडायचे नाहीत.

त्यांना बढाईखोर म्हणायला मात्र माझी जीभ धजत नाही. बढाईखोर माणसाला आपण बढाई मारतोय हे कळत नसतं. बंडूजींना कळायचं, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. बंडूजी शिडीवर चढत नसत. वरच्या फळीवरचा वॉल्व्ह काढायचा असला की नोकराला, कवडूला, हाक मारायचे. "मालकानं शिडी चढाव का?" असं म्हणायचे आणि लोकांना ते पटायचं. माझ्या गच्चीवरच्या टाकीतून पाणी गळायला लागलं तेव्हा ते बघायला आले, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि तिथूनच परत फिरले. कपाळावर घाम होता. घरमालकाच्या घामाचं कारण भाडेकरूने विचारू नये.

दोन हजार तीन साली पाइपच्या कंपनीने डीलर लोकांसाठी स्कीम काढली. माल ठरल्याएवढा खपवला की नवराबायको दोघांना सिंगापूर आणि तिथून मोठ्या जहाजाने समुद्राची सफर. जिल्ह्यातून एकट्या बंडूजींचा नंबर लागला. मग काय विचारता. व्यापारी मंडळाने पेपरात वर्ध्याच्या पानावर त्यांचा पासपोर्टचा फोटो छापून 'विदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा' दिल्या. प्रमिलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याच विमानाने आणि त्याच जहाजाने जाणार होत्या, पण मंडळाला तसं काही सुचलं नाही. स्टेशनवर हार पडले ते बंडूजींच्याच गळ्यात. प्रमिलाबाई मागे तिखटाच्या पुऱ्यांची आणि चिवड्याची पिशवी सांभाळत उभ्या होत्या. अंगात आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस होता. तो त्यांच्या मुलीने, गुंजनने, हट्टाने घ्यायला लावला होता, आणि त्या ओढणीच सारखी नीट करत होत्या.

प्रमिलाबाई माहेरच्या हिंगणी गावच्या. बोलणं अगदी कमी आणि हळू. इतकी वर्षं खालीवर राहून त्यांनी मला दोन वाक्यांच्या पलीकडे काही सांगितल्याचं आठवत नाही. त्याच प्रमिलाबाई सफरीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केस न बांधता जिना चढून माझ्या स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि बोलायच्या थांबेचनात.

जहाज फुकेत नावाच्या बेटाशी दिवसभर थांबलं होतं. कंपनीच्या माणसाने सगळ्या जोडप्यांना बसमध्ये घालून समुद्रकिनाऱ्यावर नेलं. तिथे पॅराशूटचा खेळ होता. माणसाला जाकीट घालायचं, कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधायचे, मागे पॅराशूट आणि पुढे लांब दोराने जोडलेली मोटारबोट. बोट सुटली की माणूस वाळूवर चार पावलं पळतो आणि उचलला जातो. समुद्रावरून एक फेरी मारून त्याला परत वाळूवर उतरवतात. अकोल्याचे, नागपूरचे डीलर एकमेकांना पुढे ढकलत होते. तेव्हा बंडूजी म्हणाले, "आपल्याले कायची भीती? बांधा मले." पट्टे आवळून झाले. बोटीचं इंजिन गुरगुरलं, दोर ताणला गेला, आणि बंडूजी वाळूवर बसले. मुद्दाम नव्हे. पायच गेले. "रुको, रुको, नही जाना," असं ओरडत त्यांनी दोन्ही मुठींत वाळू गच्च धरली.

"वाळू काऊन धराव मॅडम माणसानं?" प्रमिलाबाई मला म्हणाल्या. "वाळू हातात राहाते का? मले पाहवलं नाई त्याइच्याकडे."

बाकीचे डीलर हसले. बोटवाल्यांच्या माणसाने बंडूजींचे पट्टे सोडले आणि आता कोणाला बांधायचं म्हणून सगळ्यांकडे बघितलं. प्रमिलाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "मी जाऊ का?" आणि उत्तर येण्याआधी त्या पुढे झाल्या. का झाल्या, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. कदाचित लोकांचं हसू तोडायचं असेल. ते तुटलं खरं, कारण त्या पळाल्या आणि वर गेल्या.

"वर गेलं ना मॅडम, की आवाज बंद होते. बोट खाली वरडतेच, पण आपल्याले ऐकू येत नाई. आपलं एवढं मोठं जहाज, तिनशे-चारशे खोल्याइचं, ते दूर उभं होतं तं माह्या देवघराच्या कोनाड्यात मावलं असतं. मले भीती नाई वाटली. वाटून नाई राह्यली, याचीच भीती वाटली." मग त्या जिन्याकडे एकदा बघून घेत हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगतो, कोणापाशी बोलू नका. वर मले कोणाचीच आठवण नाई आली. याइचीबी नाई, लेकराइचीबी नाई. लेकरं आहेत हेच विसरलती मी. अशी माय असते का?"

त्यांचा चेहरा लाजेने आणि आनंदाने एकाच वेळी तापला होता. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकला. बंडूजींबद्दल त्या वाईट एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "फोटो त्याइनंच काढला माहा. हाताले वाळू लागली होती, तरी काढला."

तो फोटो पुढे सगळ्याला कारण झाला. रोल धुवायला स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्या ओमप्रकाशला त्यात एक फोटो दिसला: निळं आभाळ, लाल-पिवळं पॅराशूट आणि खाली नारिंगी जाकिटातला, तोंड ओळखू न येणारा एक टिकलीएवढा माणूस. बंडूजींचा रोल, म्हणजे बंडूजीच. त्याने तो फोटो व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना, बाबारावांना दाखवला. त्या वर्षी फ्लेक्स नुकते निघाले होते आणि कशाचा फ्लेक्स लावावा हे लोक शोधतच होते. बंडूजींना पत्ता लागायच्या आत चौकात भलामोठा फ्लेक्स टांगला गेला. मध्ये पॅराशूट, कोपऱ्यात बंडूजींचा पासपोर्टचा चेहरा आणि वर 'पुलगावच्या सुपुत्राची गगनभरारी'. फोटो काढला कोणी आणि उडालं कोण, बरोबर तर प्रमिलाबाईही होत्या, हा साधा प्रश्न अख्ख्या गावात कोणाला पडला नाही. मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

बंडूजी फ्लेक्सखाली उभे असताना मी शाळेतून येत होते. ते मान वर करून बघत होते. लोक येऊन हात मिळवत होते. मला बघितल्यावर त्यांनी मान खाली घातली. दुपारी ते जिन्याच्या पायथ्याशी आले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या घरचे, गुंजनची आई, तुमच्यापाशी काही बोलले का?"

"कशाबद्दल?" मी म्हटलं.

"काही नाई. असंच." ते तिथेच रेंगाळले. "आता उतरवा म्हटलं तं बाबारावले वाईट वाटन. खर्च केला त्यानं." मग ते दुकानात गेले.

बंडूजींचा सत्कार व्यापारी मंडळाच्या हॉलमध्ये झाला. शाल, श्रीफळ आणि बाबारावांचं भाषण. बंडूजी उत्तराला उभे राहिले तेव्हा माझी खात्री होती की आता तरी सांगतील. बायकांच्या रांगेत प्रमिलाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या सरळ समोर बघत होत्या. बंडूजी म्हणाले, "काय सांगू मंडळी, अनुभव घेतल्याशिवाय समजत नाई," आणि टाळ्या पडल्या. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि याच वाक्याने त्यांचा घात केला. पुढे खोटं बोलावं लागलं नाही, लोकच बोलत गेले, ते फक्त नाही म्हणेनात. शाल अंगावर नीट बसेना म्हणून ते घरी पोचेपर्यंत ती सारखी ओढत होते.

त्यानंतर काही दिवसांनी प्रमिलाबाई पुन्हा वर आल्या. खुशीत होत्या. "हे रोज जेवताना विचारून राह्यले मले, वर काय दिसे, कसं वाटे. मी सांगतो आन् ते ऐकतात. मनाले लागलं असन मॅडम त्याइच्या. नाई तं एवढ्या वर्षात मले कधी काही विचारलं नाई." नवऱ्याने आपल्याला एखादी गोष्ट विचारावी आणि शेवटपर्यंत ऐकावी, हे त्यांच्या संसारात पहिल्यांदा घडत होतं. मी त्यांच्या आनंदावर विरजण घातलं नाही.

ते काम दुकानाने केलं. प्रमिलाबाई चहाचा ट्रे घेऊन दुकानाच्या मागच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मी काउंटरपाशी नळाची तोटी घेत होते. बंडूजी गिऱ्हाइकांना सांगत होते, "वर गेलं ना, की आवाज बंद होते. एवढं मोठं जहाज, ते आमच्या देवघराच्या कोनाड्यात मावलं असतं." लोक कान देऊन ऐकत होते. बंडूजी रंगात आले. "आन् खरं सांगू? वर कोणाचीच आठवण येत नाई. बायकोची नाई, लेकराइची नाई." दुकानात हशा पिकला. प्रमिलाबाईंनी ट्रे कवडूच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. बंडूजींची पाठ दाराकडे होती, तरी त्यांना कळलं. वाक्य अर्धवट सोडून ते उगाच पाइपांवर फडकं मारू लागले.

त्या दिवसापासून प्रमिलाबाईंनी नवऱ्याला त्या सफरीबद्दल काही सांगितलं नाही. मलाही नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम." बंडूजींनी त्यांच्यासाठी नवा मिक्सर आणला, मग कूलर आणला, वर्ध्याहून साड्या आणल्या. वस्तू आणून ठेवायचे आणि त्यांच्याकडे न बघता दुकानात जायचे. किस्सा मात्र थांबेना. लोक मागायचे आणि ते द्यायचे. एव्हाना गावात 'पॅराशूटवाले बंडूजी' हेच नाव पडलं होतं. सांगून झालं की बंडूजी दुकानाच्या मागे जाऊन तोंडावर पाणी मारायचे. मी माझ्या खिडकीतून ते कितीदा पाहिलं. राग यायचा, आणि दयाही यायची, आणि दया आली याचा पुन्हा राग यायचा.

अशी पाच-सहा वर्षं गेली. गुंजनचं लग्न ठरलं, वर्ध्याच्या प्रफुल नावाच्या मुलाशी. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, इथेच घरी झालं. कुंकू लावून झालं, अंगठ्या झाल्या, पाहुणे बैठकीत बसले, आणि होणारा जावई अदबीने म्हणाला, "बाबा, गुंजन म्हणत होती, तुम्ही पॅराशूटनं उडाले होते म्हणून. सांगा ना."

बंडूजींनी टाळाटाळ केली. आग्रह झाला. त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली, पण त्यांचं लक्ष लागत नव्हतं. तेवढ्यात मुलाची आई, सुलोचनाबाई, प्रमिलाबाईंकडे वळल्या. "आन् तुम्ही काय करून राह्यल्या होत्या तवा?"

प्रमिलाबाई फराळाच्या बश्या मांडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी खाली वाळूत बसली होती. मले तं पाहूनच चक्कर आली. पायच गेले माहे."

बंडूजी बोलायचे थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते उठून उभे राहिले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान झाला. "नाई," ते म्हणाले. "वर ते गेलते. गुंजनची आई. मी नाई गेलो. वाळूत मी बसलो होतो."

सगळे हसले. व्याही म्हणाले, "बंडूजी मोठे मजाकी आहेत. आजच्या दिवशी मान बायकोले देऊन राह्यले." गुंजनही हसली. बंडूजी तिच्याकडे वळून म्हणाले, "मजाक नाई बाई. खरं सांगून राह्यलो." लोक आणखी हसले. मग ते प्रमिलाबाईंकडे वळले. "अवं, सांग ना तूच. सांग त्याइले." त्यांचे डोळे भरले होते. ते हसून भरलेत असंच सगळ्यांना वाटलं.

मुलीचे सासूसासरे समोर बसलेले. जावयासमोर मुलीचा बाप खोटा ठरणार की नाही, हे आता प्रमिलाबाईंच्या एका शब्दावर होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "काहीतरीच बोलतात बाप्पा हे," त्या हसून म्हणाल्या. "घ्या जी, चहा थंडा होऊन राह्यला."

चहा झाल्यावर मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. मला राहवलं नाही. "का नाही सांगितलंत? आज तर ते तुमचं तुम्हाला स्वतःहून परत देत होते," मी म्हटलं.

प्रमिलाबाईंनी कपबश्या मोरीत ठेवल्या. "काय देत होते मॅडम? माह्यापाशी आता काही राह्यलं नाई घ्याले. इतके वर्स ऐकून ऐकून, मी डोये मिटले का वर हेच दिसतात मले. मी खाली दिसतो, वाळूत."

बंडूजी दारात उभे होते. पाहुण्यांना पाणी न्यायला आले होते, हातात रिकामा तांब्या होता. प्रमिलाबाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, भरला आणि परत त्यांच्या हातात दिला.