नव्व्याण्णव मणी

नलूआत्या चादरीवर तुरीची डाळ निवडून राह्यली होती, तवा मी टीव्ही लावला. एक पाय लांब, एक मुडपलेला. डाळीची तिनं सरळ ओळ पाडली होती अन एका टोकापासून बोट फिरवत येत होती. खडा दिसला का टिचकीनं बाहेर. माह्याकडं तिनं पाह्यलंबी नाई.

टीव्हीवर गेम सुरू झालं अन माहं डोस्कं फिरलं. पाचव्या बेटावर आमचे सदतीस मणी होते. आता तिथं नव्व्याण्णव लिहून येत होतं.

"आत्या, घरात कोन आलतं?"

"कोन येते बापा? दूधवाला आलता. अर्धं पानी देऊन गेला."

आत्याचं असंच हाय. तिले दूधवाल्यावर डाऊट, गॅसवाल्यावर डाऊट, शेजारच्या मांजरीवर डाऊट. म्हनून तिच्या बोलन्याकडं मी ध्यान देलं नाई. चूक तिथंच झाली.

ते गेम माहं नोतं. टीव्हीले जोडाचा गेमचा डब्बा, रिमोट, सगळं आदेशचं. आदेश माहा पयलीपासूनचा दोस्त. मी नववीत शाळा सोडली तवा बाकीच्यांच्या मायबापाईनं पोराईले सांगतलं का निकेशच्या नादी लागू नका. आदेशच्या घरच्यांनीबी सांगतलं असन. तो तरी रोज येत होता. पुन्यात कंपनीत लागला, एका खोलीत सहा जन राह्यतात, तिथं डब्बा ठेवाले जागा नाई. जाताना माह्या हातात देऊन म्हने, "दिवाळीले येतो. बाकीचे बेटं आपन संगच करू. तोवर कोनाले हात लावू देजो नको, तूबी लावजो नको." मी हो म्हनलं. कधीमधी सुरू करून फक्त आकडे पाहत होतो. माहा शब्द एकच मानूस खरा धरते या सिंदी मेघे गावात, अन तो आदेश हाय. म्हनून माहा जीव त्या आकड्यात अडकला होता.

गेम तसं लहान पोराईचं वाटते. एक खार असते, गळ्यात झोळी. नऊ बेटं, हरेक बेटावर शंभर निळे मणी लपवलेले. कोनाले गोळी मारा लागत नाई, घड्याळ मांगं लागत नाई. पान्यात पडलं तं खार बाहेर येते, कान झटकते, बस. पन एकदा बसलं का उठवत नाई. मणी भेटला का घुंगरू वाजल्यासारखा आवाज येते, अन तो आला का वाटते, त्या टाकीच्या मांगंबी एखादा असन. असतेच. बनवनारे फक्त दोघं जन हायेत म्हने, कुठंतरी बाहेरदेशात. त्या दोघाईनं हरेक कोपऱ्यात कोनासाठी तरी काही ठेवलं हाय. शाळेत माह्यासाठी कोन्या कोपऱ्यात काही नोतं, म्हनून मले ते पटलं असन.

आठ दिवसानं पाह्यलं तं सहावं बेट. नव्व्याण्णव.

मंग सातवं. नव्व्याण्णव.

चोरी समजते. कोनी घुसला, खेळला, पयाला. पन हा एक मणी सोडून जात होता, अन तोबी सगळ्यात सोपा, बेटाच्या पायरीजवळचा, लहान पोट्टं उचलन असा. म्हनजे मुद्दाम. म्हनजे मले चिडवाले. पाह्य बे, आलतो अन गेलतो, तू काय करून घेतलं?

गेम बंद केल्याचा टाइम डब्ब्यावर दिसते. दुपारचे दोन चाळीस. तवा मी वर्ध्याले वेल्डिंगच्या दुकानात, आईबाबा आपापल्या कामावर, घरी फक्त आत्या, अन ती तं जेवून झोपते. मी रिमोटवर आईच्या डोक्याचा केस ठेवून गेलो. संध्याकाळी केस नोता. मले वाटलं, गजेंद्रच.

गजेंद्र आमच्या मांगच्या घरचा. त्याच्याजवळबी हेच गेम, तो तिसऱ्या बेटाच्या पुढं जाऊ शकला नाई, अन आदेशवर जळते. पानठेल्यावर त्याची कॉलर धरली. वरचं बटन तुटलं.

"काऊन बे, येडा झाला का?"

"दुपारी माह्या घरी कोन येते, सांग."

"मी येतो? तुही आत्या मले उंबरठ्याच्या आत घेते का? त्या दिवशी पानी मांगतलं तं खिडकीतून देलं तिनं. अन पेला वापस घेईस्तोवर खिडकीतच उभी होती!"

ठेल्यावरचे सगळे हासले. मीबी हासलो असतो, पन माहा हात त्याच्या कॉलरवर होता. गजेंद्र म्हने, "तुह्या घरातलंच कोनी असन. बटन शिवून पाठव." मी म्हनलं, माह्या घरातल्यावर बोलजो नको. अन सायकलवर बसलो. पन डोक्यात ते घुसलं.

दुसऱ्या दिवशी मालकाले पोट दुखते सांगून दोन वाजताच सुटलो. सायकल चौकातच ठेवली, घराच्या मांगून आलो, खिडकीच्या फटीत डोळा लावला.

आत्या तशीच बसली होती. एक पाय लांब, एक मुडपलेला. फक्त मांडीवर डाळीच्या ठिकाणी रिमोट होता, डोळ्यावर बाबाचा चष्मा. टीव्हीवर आठवं बेट. खार उड्या नोती मारत. भिंतीच्या कडेनं सरळ चालत जाये, टोकाले गेली का एक पाऊल बाजूले सरकून वापस येये. अन आत्या तिच्याशी बोलून राह्यली होती. "थांब वं. तिकडं नको पाहू. ही ओळ होऊ दे पयले."

आता समजलं. कापूस वेचून राह्यली होती ती.

आत्याचं सासर समुद्रपूरकडचं. तीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. कमरेले ओटी बांधाची, दोन तास, म्हनजे कपाशीच्या दोन ओळी, धराचे अन दोन्ही हातानं वेचत जायाचं. सुकलेल्या बोंडाचे काटे बोटात जातात, त्याईचे बारीक काळे डाग अजून हायेत. चार वर्षाआधी तिचा नवरा, म्हनजे आमचे मामाजी, वारले, मंग तिचे गुडघे गेले, अन बाबानं तिले इकडं आनलं. आली तवापासून ती कोपऱ्यात बसून दुसऱ्याच्या घरातली डाळ निवडत होती. मी अन आदेश खेळत होतो तवा मांगं बसून पाहत होती, हे आमच्या ध्यानातबी नोतं.

मी दार ढकललं. तिनं रिमोट पदराखाली घातला.

"आत्या, पाह्यलं मी."

"मंग पाह्यलं तं पाह्यलं." रिमोट बाहेर काढला. "तुमी दोघं माकडावानी उड्या मारता. मांगं किती राह्यलं ते पाहत नाई. पाचव्यातले बासष्ट तुमच्या पायाखाली होते."

"मी आदेशले शब्द देला होता, आत्या."

"मले कुठं सांगतलं होतं तुनं?"

हेबी खरं होतं. मी सगळ्या मोहल्ल्यावर डाऊट घेतला, केस ठेवला, पन घरातल्या एका बाईले सांगाचं राहूनच गेलं, कारन ती खेळू शकते असं माह्या मनातच आलं नाई.

"अन एक एक सोडला काऊन?"

"शेवटचं बोंड झाडावर राहू द्या लागते. वावर सुनं नाई होत. आमच्या गावचा रिवाज हाय."

त्या टायमाले मी मान हालवली. पन खरं सांगतो, पटलं नाई. लहानपनी सुट्टीत मीबी वेचाले गेलतो. मालकीन मांगून येये अन एक बोंड राह्यलं तं त्याच्यासाठी वापस पाठवे. बाबाले इचारलं तं म्हने, "तिच्या सासरचं मले काय मालूम?"

दिवाळीले आदेश आला. त्याच्याशी खोटं बोलनं मले जमत नाई. तो बॅग ठेवाच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं, अन म्हनलं, शिव्या मले दे, तिले नको. त्यानं टीव्ही लावला, पाचव्यापासून आठव्यापर्यंत चारी बेटं पाह्यले. पाचव्या बेटाच्या पायरीजवळ खार आनली, मणी समोरच चमकत होता. सगळे घेतल्याबिगर गेमचा शेवट उघडत नाई, हे त्याले मालूम होतं, अन दोन वर्षं तो त्या शेवटासाठीच थांबला होता. मांगं आत्यानं डाळीचं ताट खाली ठेवलं. माह्या एका बाजूले आदेश, एका बाजूले आत्या, अन मले कोनाकडून बोलाचं ते समजत नोतं.

आदेशनं रिमोट मांगं वळून तिच्या हातात देला.

"आत्या, नववं तुमी करा. आमी पाहतो."

"तुमचं गेम बिघडवलं म्हनून टोमना मारतं का रे?"

"टोमना कायचा? ओळीनं कसं जायाचं ते दाखवा ना."

तिनं त्याच्याकडं लय वेळ पाह्यलं, दूधवाल्याकडं पाहते तसं. मंग चष्मा लावला. नववं बेट तिनं दोन दिवसात केलं, नव्व्याण्णव. आदेश शेवट न पाहताच पुन्याले गेला अन डब्बा इथंच ठेवून गेला. गजेंद्रले मी बटन शिवून देलं. तो आता दुपारी येऊन खिडकीतून इचारते, "आत्या, चौथ्यात टाकीवर कसं चढाचं?" उंबरठ्याच्या आत अजून घेत नाई ती त्याले.

फेब्रुवारीत आत्याच्या गावच्या यशोदाबाई एका लग्नासाठी आल्या अन एक दिवस आमच्याकडं राह्यल्या. वीस वर्षं त्या अन आत्या एकाच टोळीत वेचत होत्या. आत्या आंघोळीले गेलती तवा मी इचारलं, "काकू, तुमच्याकडं शेवटचं बोंड झाडावर ठेवाचा रिवाज हाय का?"

यशोदाबाई हासल्या. "असा कुठं रिवाज असते का रे पोट्ट्या? मालकानं जिवंत ठेवलं नसतं." मंग बाथरूमच्या दाराकडं पाहून आवाज बारीक केला. "नलू ठेवे. वेचनी सरत आली का एका कोपऱ्यात अर्धी ओळ मांगं ठेवे. म्हनजे दुसऱ्या दिवशी एका बाईले बोलवा लागे, अन ती नलूच जाये. हंगाम सरला का तिले दिवसभर घरी नवऱ्याजवळ राहा लागे, अन तो कसा होता ते आमाले सगळ्या बायाले मालूम होतं. म्हनून आमी कोनी ती ओळ वेचत नोतो."