तित्तर समोर असताना बोलायचं नाही

नारायण पेठेत माणसाला छंद आहे असं कळलं की लोक आधी त्याच्या बायकोची विचारपूस करतात. माझ्या बायकोची आमच्या सोसायटीने आजवर भरपूर केली आहे. हातभर लांब लेन्स खांद्यावर टाकून मी जिना उतरू लागलो की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारातूनच विचारतात, "काय, निघाले का कोंबड्यांच्या फोटोला?" त्यांना तित्तर आणि कोंबडी यांतला फरक सांगायचं मी कधीच सोडून दिलं. माझ्या बायकोनेही तो कधी मानला नाही. "तुमच्या कोंबड्या," असंच ती म्हणत आली.

तसं पाहिलं तर त्यांचं अगदीच चुकत नाही. तित्तर आणि लावे हे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मारून खाल्लेले पक्षी. म्हणून तर ते माणसाला ओळखून असतात. खंड्या तारेवर बसून तुमच्याकडे बघत राहील, तित्तर नाही बघणार. चप्पल वाजली की तो गवतात दडतो आणि गवतातल्या गवतात पळून जातो. त्याच्यासाठी लांबची लेन्स लागते, हिरव्या जाळीचा आडोसा लागतो आणि सगळ्यात जास्त लागतं ते गप्प बसणं.

हे गप्प बसणं मी बायकोला शिकवलं होतं, आणि फार प्रेमाने शिकवलं होतं असं नाही. एकदा ती "अहो, तो बघा" म्हणाली आणि माझा राखी तित्तर गेला. परतीच्या सगळ्या रस्त्याने मी तिला ऐकवत आलो. पक्षी समोर असताना बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मला हात लावायचा नाही. तेव्हापासून ती माझ्यापेक्षा कडक झाली. निघताना बांगड्या काढून गाडीच्या खणात ठेवायची. शिंक आली तर ओढणीचा बोळा तोंडात धरायची.

राखी तित्तर मिळाला, लावे मिळाले. राहिला तो रंगीत तित्तर. एरवी तो गवतातून बाहेर येत नाही. पावसाळ्याचे काही आठवडे मात्र त्याचा नर सकाळी एखाद्या उंच दगडावर चढतो आणि खरखरीत आवाजात ओरडतो. खडकवासल्याच्या पलीकडे एका उतारावर असा एक दगड मला ठाऊक होता. त्या दगडाचे माझ्याकडे पुष्कळ फोटो आहेत. तित्तर नुकताच उतरून गेलेला दगड, तित्तर अजून यायचा असलेला दगड. एका फोटोत शेपूटही आहे.

यंदाच्या पावसाळ्यात मला तो हवाच होता, कारण पुढच्या पावसाळ्यात माझ्याकडे डोळा नसणार होता.

डावा डोळा आधीच गेलेला. उजव्याला इंजेक्शनं चालू होती, ती बायकोलाही माहीत होती. पण स्वारगेटजवळच्या दवाखान्यात त्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. ती बहिणीकडे होती. डॉक्टरांनी पडद्याचं चित्र दाखवलं, मग ते बाजूला सारलं आणि म्हणाले की आता मधलं दिसणं जातच राहील, परत येणार नाही, कडेकडेचं तेवढं राहील. मी आभार मानून बाहेर आलो. सिग्नलला समोरची बस दिसत होती, तिच्यावरचा नंबर दिसत नव्हता. रिक्षात मला रडू आलं. रिक्षावाल्याने आरसा थोडा फिरवला, एवढीच माणुसकी त्या दिवशी वाट्याला आली.

घरी मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कॅमेरा कपाटात गेला असता आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. शिवाय तिचा जीव टांगणीला लावायचा नव्हता, वगैरे वगैरे. खरं सांगायचं तर मला तो फोटो हवा होता. बाकी काही नको होतं.

मधलं दिसणं जातं म्हणजे काय होतं, ते सांगतो. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. घड्याळाकडे बघितलं की गोल चौकट दिसायची, काटे नाहीत. ताटाकडे बघितलं की भाजी, कोशिंबीर सगळं कडेला, मधल्या पोळीच्या जागी धुरकट डाग. बायकोकडे बघितलं की तिचे कान दिसायचे, कुड्या दिसायच्या, अंबाडा दिसायचा, चेहरा नाही. तिचा चेहरा बघायचा तर तिच्या शेजारच्या भिंतीकडे बघावं लागे, मग तो कोपऱ्यातून थोडासा यायचा. "हल्ली मी बोलते तेव्हा लक्ष कुठे असतं हो तुमचं?" असं ती विचारायची. मी भिंतीकडे बघत म्हणायचो, "तुझ्याकडेच."

पहाटेचे समोरचे दिवे डोळ्यांवर येतात अशी सबब सांगून मी गाडी तिच्याकडे दिली. ती तक्रार न करता रोज त्या उतारापर्यंत चालवू लागली. वर्षानुवर्षं रविवारी यायला कुरकुरणारी बाई रोज का येते, हे विचारायची मला भीती वाटत होती. त्या जमिनीचा मालक शेतकरी म्हशी घेऊन वरच्या अंगाला जाताना थांबायचा. एकदा म्हणाला, "खायाचा पक्षी हाय सायेब, त्याचा फोटू काय काढताय?" बायको पटकन म्हणाली, "अहो, मी तेच म्हणते." दोघं हसले. मला हसता आलं नाही.

माझी एक युक्ती होती. लेन्स तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, दगडाच्या रोखाने पक्की करायची. पक्षी दिसला नाही तरी ओरडेल तेव्हा ऐकू येईलच. आवाज दगडावरून आला की बटण दाबायचं. तित्तर दगडावर चढतो तो ओरडायलाच, तेव्हा चुकायचं कारण नव्हतं. मी रोज याच आशेवर उठत होतो. आणि रोज तो खालच्या झुडपांतून ओरडायचा, वरच्या बांधावरून ओरडायचा, दगडावरून मात्र नाही.

मग एका सकाळी मला दगडही दिसेना. पाऊस भुरभुरत होता. मी डोळा चारी कोपऱ्यांना फिरवला, सगळा उतार एकच ओला हिरवा रंग. आवाज शक्य तितका सहज ठेवून मी बायकोला म्हणालो, "दगड मधोमध आलाय का बघ जरा." तिने वाकून बघितलं, लेन्स किंचित डावीकडे केली आणि म्हणाली, "आता आला." मी डोळा टेकवला आणि बटणावर बोट ठेवलं.

खालून एकदा आवाज आला. मग जरा जवळून. मग थांबला. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, जाळीवरून थेंब गळत होते. शेजारी बायकोचा श्वास एकदम बंद झाला. मला वाटलं, गुडघा दुखत असेल, बिचारी सहन करतेय. मी कान दगडाकडे लावून बसलो. ओरड रे बाबा, एकदा ओरड, असं मनातल्या मनात म्हणत होतो. देवाला मी इतक्या काकुळतीने कधी काही मागितलं नाही, ते एका तित्तराकडे मागत होतो. तो ओरडला नाही. खूप वेळ गेला. मग पंखांचा फर्र आवाज झाला आणि ओरडणं पार खालून, ओढ्यापलीकडून आलं.

बायकोने श्वास सोडला. "किती काढले?" ती म्हणाली. "मला खटका ऐकूच आला नाही. कॅमेऱ्याचा आवाज बंद केलात का?"

"कशाचे?"

"अहो, कशाचे काय? दगडावर बसला होता की इतका वेळ. पंख झाडले, मान खाजवली, आपल्याकडे तोंड करून उभा होता. नुसता ओरडला नाही, एवढंच."

मी कॅमेरा बंद करायला हात नेला तर कळ सापडेना. तिने ते पाहिलं.

"बोलली का नाहीस?" शेवटी मी म्हणालो.

"पक्षी समोर असताना बोलायचं नाही." एवढं म्हणून ती थांबली. पुढचं तिने फार हळू विचारलं. "तुम्हाला दिसला नाही?"

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर, चित्र, बस, रिक्षा. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडलीही. फक्त कोंबडीसाठी बायकोपासून आंधळेपण लपवणारा माणूस पुण्यातच निपजायचा, असं काहीसं म्हणाली. मग ओढणीचा बोळा तोंडात धरून बसली. शिंक आली नव्हती.

थोड्या वेळाने मी तिला म्हणालो की कसा होता ते तरी सांग. मला वाटलं, कोंबडीसारखा म्हणेल. पण तिने नाक पुसलं आणि नीट आठवून सांगू लागली. तोंड तांबूस, वीटकरीच म्हणा. पाय केशरी. आणि पुढून सगळा काळा, त्यावर पांढरे ठिपके, काळ्या चंद्रकळेवर खडी काढतात ना, तसे. तिच्या आईची तशी चंद्रकळा होती. ठिपके गळ्याशी बारीक आणि पोटाकडे मोठे होत गेलेले. भिजला होता, तरी रुबाब केवढा.

इतक्या वर्षांत तिने कुठल्याच पक्ष्याबद्दल एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

"मी सांगतेय तर माझ्याकडे बघा ना," ती म्हणाली.

"बघतोय," मी म्हणालो, आणि तिच्या पलीकडच्या त्या रिकाम्या दगडाच्या दिशेने बघत राहिलो.